तात्पुरता फोटो

ऑफिसात तिला सगळे ‘पाठपुरावा’ म्हणायचे. मागून नाही हं, चक्क तोंडावर! आणि ती ओ पण द्यायची. कारण कामच तसं. जाहिरातींच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे चित्र करणारा वेगळा, ओळी लिहिणारी वेगळी, पैसे देणारा क्लायंट वेगळा, आणि ही आपली सगळ्यांच्या मागे हात धुऊन. झालं का? कधी होतंय? काल म्हणालास आज देतो, मग आज काय झालं? स्वतः एक रेघ मारायची नाही, पण कुठं काही चुकलं की सगळ्या माना हिच्याकडे वळणार.

तिच्या मावशीला हे काम काही केल्या कळायचं नाही. “तू नक्की करतेस काय गं तिथं?” ही बिचारी जीव तोडून समजवायची, टाइमलाइन काय असते, फीडबॅक काय असतो. मावशी सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “म्हणजे वर्गाची मॉनिटर. मग तसं सांग ना.”

आता मावशी कोण, तर आई गेल्यावर जिनं हिला वाढवलं ती. शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली पण आवाज नाही निवृत्त झाला. एकटी राहायची, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टकडे ढुंकून बघायची नाही. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिचा पत्त्यांचा अड्डा. तिथं तिच्या भिडूनं चुकीचं पान टाकलं की “अरे गाढवा!” रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि ते गाढव म्हणजे सत्तरी ओलांडलेले, चांगले मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणायचे. मावशी गाढव म्हणायची.

तर झालं काय, पाठपुरावाकडे एक नवीन काम आलं. म्हाताऱ्या माणसांकडे घरी सोबतीला कुणीतरी पाठवणारी एक कंपनी. दिवसा येऊन गप्पा मारायच्या, औषधं द्यायची, फिरायला न्यायचं, असं. त्यांची जाहिरात. आणि तिथल्या ज्या क्लायंटबाई होत्या ना, त्यांना एकही चेहरा पसंत पडेना. ह्या फार सुखी दिसतात. ह्या फार आजारी दिसतात. ह्या हुबेहूब माझ्या सासूबाई, मी कुठल्याही परिस्थितीत ह्यांना पैसे देणार नाही! फोटोशूट पुढं ढकलून ढकलून पार शेवटच्या तारखेला टेकलं. त्यात ओळी लिहिणाऱ्या मुलीला गालगुंड झालं, तिचा चेहरा एवढा सुजला की व्हिडिओ कॉलवर पण येईना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटबाईंना डिझाइन दाखवायचं.

डिझायनरला सगळे ‘दोन मिनिटं’ म्हणायचे, कारण काहीही विचारलं तरी त्याचं तेच उत्तर. तो म्हणाला, “हे बघ, रिकामी चौकट दाखवली तर त्या बाई चौकटीवरच तासभर बोलतील. कुठल्यातरी आजीचा फोटो दे. तात्पुरता. वर काहीतरी ओळ पण दे. तात्पुरती.”

आता ह्या धंद्यात हे रोजचंच. खरा फोटो येईपर्यंत खोटा लावायचा, खरी ओळ येईपर्यंत कसलीतरी टाइप करून ठेवायची. डमी म्हणतात त्याला. आणि गंमत बघा, नवीन पोरं आली की पाठपुरावा स्वतः त्यांना बजावायची, “डमीत असलं काही टाकू नका की चुकून छापलं गेलं तर तोंड लपवावं लागेल.” कारण त्या ऑफिसात तात्पुरतं ते कायमचं. पाण्याचं मशीन तात्पुरतं दारात ठेवलं होतं, आता लोकांना आठवत पण नव्हतं की ते दार उघडतं.

तर तिनं मोबाईल काढला. त्यात मावशीचा एक फोटो होता. आदल्याच रविवारी जेवायला बोलावलं होतं मावशीनं, आणि ही नेहमीसारखी कामात अडकलेली. पोचली तेव्हा जेवायची वेळ केव्हाच टळून गेलेली. खालून वर बघितलं तर मावशी खिडकीत, हनुवटी हातावर टेकलेली, नजर रस्त्याच्या टोकाला. पण चुकीच्या टोकाला, कारण ही त्या दिवशी मागच्या गल्लीनं आली होती. ऊन असं छान तिरपं पडलेलं. हिनं हाक मारायच्या आधी फोटो काढला. सवयच ती! काही चांगलं दिसलं की आधी फोटो.

तो फोटो तिनं दोन मिनिटंला पाठवला. आणि ओळ? ओळ तर तिला अशी पटकन सुचली की स्वतःलाच बरं वाटलं. आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती ना कधी. “मुलांना वेळ नाही? आम्हाला आहे.”

दोन मिनिटं म्हणाला, “आयला! तू तर लेखिका निघालीस.”

सकाळी मीटिंग. पडद्यावर डिझाइन आलं आणि क्लायंटबाई एकदम गप्प. ह्या बाई गप्प म्हणजे काहीतरी भलतंच. चष्मा काढला त्यांनी. पुसला. परत घातला.

“ह्या कोण आहेत?”

सगळ्या माना वळल्या. अर्थात हिच्याकडे. आणि तेव्हा हिला बोलता आलं असतं हो! माफ करा, हा नुसता जागा भरायला ठेवलाय, असं एक वाक्य. पण समोर ते शूटचं लांबलेलं वेळापत्रक दिसत होतं, छापखानेवाले मागे लागलेले, आणि ह्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आवडलेलं.

“आहेत आमच्या ओळखीच्या,” ती म्हणाली.

ओळखीच्या! नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मावशी हा शब्द तोंडात आला नाही. जणू काही कुठल्यातरी चेहऱ्यांच्या कॅटलॉगमधल्या होत्या त्या.

“असं वाट बघणं कुठल्या नटीला जमणार नाही,” क्लायंटबाई म्हणाल्या. “हाच फोटो. आणि ओळ पण हीच. कान्यामात्रेचाही बदल नको.”

बाहेर आल्यावर साहेबांनी पाठ थोपटली आणि विचारलं, “त्यांची परवानगी?”

“घेते ना.”

घेतली पण. फोनवर. जिन्यात उभं राहून, कारण पुढच्या मीटिंगला जायचं होतं.

“मावशी, तुझा एक फोटो वापरू का गं? जाहिरातीत?”

“माझा? काय विकायचंय, भुतं घालवायचं औषध?”

“अगं छान आलाय. मोठ्ठा लागणार आहे, बसस्टॉपवर वगैरे.”

“बसस्टॉपवर?” मावशीचा आवाज एकदम चढला. “बूट आहेत का गं? खेळाचे बूट? आजकाल म्हाताऱ्यांना धावताना दाखवतात.”

आता बघा हं. बाकी सगळ्या जगाला सगळी गोष्ट दोनदा सांगायची हिचा धंदा. मेल करून परत फोन करायची, मेल मिळाला का म्हणून. आणि इथं ती म्हणाली, “नंतर सांगते सगळं, आत्ता पळते. तुला एक मेसेज येईल, त्यात ‘हो’वर बोट दाब.”

मावशीनं दाबलं. कशावर दाबतोय ते वाचलं सुद्धा नाही. हिच्यावर विश्वास, दुसरं काय!

‘नंतर सांगते’ ते राहिलंच. मुद्दाम नाही हो. म्हणजे, थोडं मुद्दामच. रोज ठरवायची, आज फोन करते, आणि रोज काहीतरी जास्त घाईचं निघायचं. आणि घाईचं नाही निघालं तर ती काढायची. तिकडे मावशीनं सगळीकडे सांगून टाकलेलं. अड्ड्यावर तर विषयच तो. काका म्हणे रोज विचारायचे, “नटीबाई, तुमच्यासाठी खुर्ची पुसू का?”

आणि मग ती पोस्टर्स लागली.

त्या दिवशी सकाळी ही क्लायंटबाईंच्याच समोर बसलेली. फोन थरथरला. मावशी. कापला. परत मावशी. ह्या वेळी मेसेज: ‘लागला म्हणतात. आम्ही सगळे बघायला निघालोय. कुठल्या स्टॉपवर ते सांग.’

उठून बाहेर जावं, म्हणावं, थांब, मावशी, जाऊ नकोस, मी येते आधी. पण क्लायंटबाई नेमक्या बोलत होत्या, आणि तिचा अंगठा आपोआप त्या तयार उत्तरावर गेला. ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करते.’ मोबाईलमध्ये भरूनच ठेवलेलं होतं ते. मावशीला ते एवढ्या वेळा गेलेलं की तिचं नाव उघडलं की वरती तेच, खालीही तेच.

दुपार टळून गेल्यावर फोन केला.

“पाहिलास?”

“पाहिला,” मावशी म्हणाली. “छपाई चांगली आलीये.”

बास. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! मावशी ओरडायची म्हणजे सगळं ठीक असायचं. हिनं बॅग उचलली, साहेबांना पोटात दुखतंय सांगितलं, जे काही फार खोटं नव्हतं, आणि सुटली.

मावशी घरी होती. म्हणजे अड्ड्याच्या वेळेला घरी! चांगले ठेवणीतले कपडे अजून अंगावर, केस नीट बसवलेले. सकाळी नटून गेली होती ना बघायला.

“चहा टाकू?” मावशी म्हणाली.

“मावशी, मी सांगणार होते गं.”

“साखर कमी ना तुला?”

“मावशी!”

मावशीनं गॅस लावला, पातेलं ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करूनच सांगायला लागली. “सगळे होतो आम्ही. काका पुढं. लांबूनच ओरडले, ती बघा, ती बघा. जवळ गेलो. मग सगळ्यांनी वाचलं. मोठ्या अक्षरात आहे ना, चष्मा नाही लागत. काका नुसते आपल्या बुटांकडे बघायला लागले.”

“मग?”

“मग मी म्हटलं, अरेच्चा! ही तर मी नाही.”

हिला कळेचना. “म्हणजे?”

“म्हटलं, ही दुसरीच कुणीतरी. माझा फोटो शेवटी घेतला नाही वाटतं त्यांनी. जरा माझ्यासारखी दिसते, पण बघा ना, ही किती थकलेली आहे.” मावशीनं चहा गाळला. “मग सगळे म्हणाले, हो हो, खरंच की, नाक वेगळं आहे.”

“पण असं का सांगितलंस?”

मावशी वळली. “मग काय सांगू? ही मीच, आणि जिला वेळ नाही ती माझी पोरगी? त्यांना मी काय सांगते माहितीये तुझ्याबद्दल? दर रविवारी येते म्हणते. मागच्या महिन्यात दोघं मिळून बाहेर जेवायला गेलो होतो म्हणते. तुझा चहा निवतोय.”

तिनं कप तसाच खाली ठेवला. “ती ओळ,” तिनं कसंबसं म्हटलं, “ती मीच लिहिलीये.”

“हो?” मावशीनं कप परत तिच्याकडे सरकवला. “चांगली लिहिलीयेस.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हिनं आकाशपाताळ एक केलं. पोस्टर उतरवा. फोटो बदला. शूट मी करते, सुट्टीच्या दिवशी करते, फुकट करते. दोन मिनिटं तर न सांगता नवीन डिझाइन करत बसला, आणि खरंच पटकन दिलं, बिचारा. पण साहेब म्हणाले, “अगं, त्यांचे फोन थांबत नाहीयेत. लोक रडत रडत नोंदणी करतायत. त्या बाई अजून मोठी लावायची म्हणतायत.”

“ती माझी मावशी आहे, साहेब.”

वाईट माणूस नव्हता तो. क्लायंटबाईंना फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला. परत येऊन म्हणाला, “त्या तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं, तुझ्या मावशींनी स्वतः एक फोन करावा. मला नको आहे, एवढंच म्हणावं. लगेच उतरवतील. हो त्यांनी म्हटलेलं, तर नाही पण त्यांनीच म्हणायला हवं ना?”

हिला तर पंख फुटल्यासारखं झालं. सुटलं की! धावत मावशीकडे. जिना चढताना मनात सगळं जुळवून पण टाकलं, आज फोन, उद्या सकाळी पोस्टर खाली, परवापासून नवीन.

मावशीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नाही.”

“अगं एक फोन. एक मिनिट.”

“म्हणजे मी फोन करून सांगू, की त्या फोटोतली मी आहे. आणि एका दिवसात पोस्टर गायब. अड्ड्यावरचे काय दुधखुळे आहेत? आज कसंतरी मानतायत की ती मी नाही. पोस्टर उतरलं की कळेलच सगळ्यांना. असू दे ते. ऊन लागून उडेल रंग.”

“मग मी काय करू?” आता ही रडकुंडीलाच आली. “काहीतरी सांग ना. काहीही सांग, मी करते.”

मावशीनं चप्पल घातली. “चल.”

“कुठं?”

“अड्ड्यावर. सगळ्यांसमोर सांग की ती मी नाही. माझं बोलणं निम्म्यांनीच मानलंय. तू त्याच कंपनीतली, तू सांगितलंस की मानतील. तुझं तर कामच ते. समजावून सांगणं.”

वाचनालयाच्या मागची खोली. टेबलं, कोपऱ्यात पंखा, भिंतीला टेकवलेल्या काठ्या. ह्या दोघी आत आल्या आणि बोलणं एकदम थांबलं. मग सगळे एकदम जास्तच बोलायला लागले. काकांनी उठून खुर्ची दिली. ह्या वेळी नटीबाई वगैरे काही नाही.

“ही आमची मुलगी,” मावशी म्हणाली. “विचारा तिलाच.”

कुणी विचारलं नाही. शेवटी काकाच म्हणाले, “मग, शेवटी मावशींना घेतलं नाही म्हणे तुम्ही?”

आणि हिनं सांगितलं. काय सांगितलं म्हणून सांगू! घसा खाकरला नाही, अडखळली नाही. मावशींचा फोटो सगळ्यांना फार आवडला होता, पण अगदी शेवटच्या क्षणी क्लायंटनी दुसऱ्या बाई निवडल्या. असं होतं कधीकधी. मावशी फार ताठ दिसतात म्हणाले, फार तब्येतीच्या, ह्यांच्याकडे बघून कुणाला काळजी वाटणार? तिथं सगळे हसले. साम्य आहे खरं, आम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं. आणि मावशींचा फोटो दुसऱ्या एका कामासाठी राखून ठेवलाय, बुटांच्या.

बुटांच्या! ते तर तिनं ठरवलं पण नव्हतं. आपोआप आलं. आजपर्यंत किती क्लायंटना असं गुंडाळलं होतं तिनं, उशीर झाला की, छपाई बिघडली की. पण एवढं सफाईदार कधीच जमलं नव्हतं. तिला स्वतःलाच ऐकू येत होतं ते, की कुठं म्हणजे कुठं फट राहिलेली नाही.

“अस्सं होय,” काका म्हणाले. “तरीच. नाक वेगळंच आहे.”

“कानही,” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“कान तर अजिबातच नाही.”

सगळे असे भराभरा माना हलवत होते, आणि एक जण पण हिच्या डोळ्यांत बघत नव्हता. एका आजीनं उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात कशासाठी होता ते कळलं आणि तिला वाटलं, इथंच जमिनीत जावं. माहीत होतं सगळ्यांना. पहिल्या दिवसापासून. मावशीसाठी गप्प होते, आणि आता हिच्यासाठी.

मावशीनं पत्ते पिसले. वाटले. “खेळ,” काकांना म्हणाली. काकांनी पान टाकलं, आणि ते इतकं चुकीचं होतं, इतकं ढळढळीत चुकीचं, की सगळे मावशीच्या तोंडाकडे बघत थांबले.

मावशी म्हणाली, “असू दे. होतं.”

खेळ लवकरच मोडला. दोघी बाहेर आल्या. रस्त्याला वर्दळ होती, मावशी नेहमीसारखी पुढं नाही, हिच्या बरोबरीनं चालत होती. हिच्या डोक्यात एकच चाललेलं, की एकदा तरी अडखळायला हवं होतं. एकदा तरी जीभ चाचरायला हवी होती.

“छान बोललीस,” मावशी म्हणाली. “ऑफिसात पण असंच बोलतेस?”

“हो.”

“माझ्याशी पण?”

तिनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चांगलं उत्तर होतं, समजावून सांगणारं. ते तिनं गिळलं, आणि दुसरं तिच्याकडे नव्हतंच.

मावशीनं हिच्या खांद्यावरची जड बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागली.